झाकणभर संजीवक

वनस्पतीच्या शरीरात अगदी अल्प प्रमाणात तयार होणारी आणि तिच्या वाढीला दिशा देणारी रसायने म्हणजे संप्रेरके. तीच किंवा त्यांच्या जवळची रसायने कारखान्यात बनवून बाहेरून दिली की त्यांना संजीवके म्हणतात. अकोला-अमरावतीच्या कृषी केंद्राच्या फळीवर ती पोचली की त्यांचे टॉनिक होते, आणि त्यांवर बोलण्याचा अधिकार दुकानासमोरच्या बाकावर बसलेल्या सर्वांना आपोआप मिळतो. ऊतिसंवर्धन म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून, पोषक माध्यमावर काचेच्या बाटलीत वाढवून त्याची हुबेहूब त्याच वाणाची अनेक रोपे मिळवणे. हा शब्द उच्चारण्याची वेळ अकोट किंवा अंजनगाव सुर्जीच्या केळी-बागायतदारावर येत नाही. तो "टिश्यू हाय का कंद?" एवढेच विचारतो, आणि समोरच्याला ते समजते. केळीत रुळलेली हीच पद्धत मुसळी, ब्राह्मी, सर्पगंधा, पानपिंपरी यांसारख्या औषधी वनस्पतींना लावली की प्रस्तुत विषय सुरू होतो.

संप्रेरकांचे ठळक गट पाच: ऑक्सिन, सायटोकायनिन, जिबरेलिन, ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन. बाटलीतला बहुतेक कारभार पहिल्या दोघांवर चालतो. ऑक्सिन मुळे फोडते, सायटोकायनिन फुटवे आणते. १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या खोडातील गरावर प्रयोग करून दाखवले की यात कोणा एकाच्या मात्रेपेक्षा दोघांचे आपसातले प्रमाण महत्त्वाचे. ऑक्सिनचे पारडे जड झाले की गराला मुळे येतात, सायटोकायनिनचे जड झाले की कोंब येतात, आणि दोघे तुल्यबळ असले की नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. या गोळ्याला कॅलस म्हणतात. त्याला मूळ नसते, पान नसते, आणि आपण काय व्हावे याविषयी त्याचे काही मतही नसते. तरी वजन मात्र दर आठवड्याला वाढते. तंबाखूवरच्या संशोधनातून वनौषधींचे भले व्हावे यात काहींना विसंगती वाटेल. खर्रा घोटत बसणाऱ्या वऱ्हाडी जाणकाराला ती वाटत नाही. त्याच्या लेखी तंबाखू ही वनौषधीच आहे.

पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, स्कूग यांचे विद्यार्थी तोशिओ मुराशिगे यांनी पुन्हा तंबाखूच हाती घेतली. पानांचा अर्क माध्यमात मिसळला की पेशींची वाढ झपाट्याने होई, म्हणून अर्कात एखादे अज्ञात संप्रेरक दडले असावे असा कयास होता. छडा लावल्यावर त्या चमत्काराचा मोठा भाग साध्या क्षारांचा निघाला, त्यातही नत्र आणि पालाश यांचा. त्यातून जे माध्यम तयार झाले ते दोघांच्या आद्याक्षरांवरून एमएस या नावाने आज जगभर वापरले जाते. वऱ्हाडात हा इतिहास सांगितला की श्रोत्यांतून हमखास एक प्रतिक्रिया येते, "म्हंजे शेवटी खतच नं?" ती शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

संप्रेरकांची वंशावळ मात्र फारशी प्रतिष्ठित नाही. ऑक्सिनांपैकी इंडोल ॲसेटिक आम्ल हे हॉलंडमधील युट्रेक्ट येथे फ्रिट्झ कोगल आणि सहकाऱ्यांनी १९३४ साली मानवी मूत्रातून वेगळे केले. गाईच्या शेण-मूत्राच्या जीवामृताचा प्रचार करणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे. त्यामुळे मूत्र आणि पिकाची वाढ यांचा संबंध या भागात कोणाला नव्याने पटवावा लागत नाही. कोगल यांनी गाईला तसदी दिली नाही, एवढाच फरक.

सायटोकायनिनची कुळकथा याहून विलक्षण आहे. १९४१ मध्ये योहानेस व्हॅन ओव्हरबीक यांनी धोतऱ्याचे कोवळे गर्भ बाटलीत वाढवण्यासाठी माध्यमात नारळातला द्रव घातला आणि ते वाढले. वऱ्हाडात धोतरा उकिरड्यावर कोणाच्याही मदतीशिवाय माजतो, पण प्रयोगशाळेत त्यालाही नारळ फोडावा लागला. शुभकार्याचा आरंभ दुसऱ्या कशाने व्हायचा, हा प्रश्न मराठी वाचकाला पडू नये. नारळातले नेमके कोणते द्रव्य काम करते याचा शोध पुढे लांबत गेला आणि स्कूग-मिलर यांच्या प्रयोगशाळेत हेरिंग माशाच्या शुक्राणूंतून काढलेल्या डीएनएच्या एका जुन्या बाटलीपाशी येऊन थांबला. त्या बाटलीतल्या पदार्थाने तंबाखूच्या पेशी भराभर विभागू लागल्या. बाटली संपली, ताजा माल मागवला, तर तो निष्क्रिय. ताजा डीएनए ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली उकळून अक्षरशः शिळा केल्यावर मात्र त्यात पुन्हा तेच सामर्थ्य आले. १९५५ मध्ये त्यातून वेगळ्या केलेल्या द्रव्याला कायनेटिन हे नाव मिळाले. सुदैवाने झाडांना मासे खावे लागत नाहीत, असे १९६३-६४ च्या सुमारास ठरले, कारण डेव्हिड लेथम यांना मक्याच्या कोवळ्या दाण्यांत नैसर्गिक सायटोकायनिन सापडले, आणि त्याला मक्याच्या शास्त्रीय नावावरून झिॲटिन म्हटले गेले. आज प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे बेंझिल अमिनो प्युरिन, म्हणजे बीएपी, मात्र सरळ कारखान्यातून येते. ते स्वस्त आणि टिकाऊ आहे, आणि त्याच्या पूर्वजांविषयी कोणी चौकशी करत नाही.

याच कुळातली काही मंडळी वऱ्हाडच्या शेतात प्रयोगशाळेच्या आधीपासून वावरत आहेत. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची फळगळ सुरू झाली की १०० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम २,४-डी किंवा तेवढेच जिबरेलिक आम्ल आणि सोबत १ किलो युरिया, ही शिफारस बागायतदाराला तोंडपाठ असते. पऱ्हाटीची पाती आणि बोंडे गळू लागली की एनएए, म्हणजे नॅफ्थलीन ॲसेटिक आम्ल, येते. यांतले २,४-डी हे खरे बहुरूपी. संत्र्याच्या बागेत ते देठ घट्ट धरून ठेवते. बांधावर जास्त मात्रेत ते तण जाळते. प्रयोगशाळेत लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम घातले की कॅलस तयार करते. आणि तण मारलेला पंप नीट न धुता पऱ्हाटीवर चालवला तर तिची पाने आक्रसून निमुळती करते, जे पाहून शेजारी लगेच निदान करतो आणि घरधनी ते संध्याकाळपर्यंत नाकारतो. एकच ऑक्सिन, चार ठिकाणी चार स्वभाव. आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा स्वभाव मात्रेने ठरलेला.

मात्रा मोजण्याचे वऱ्हाडातील प्रचलित एकक म्हणजे झाकण. बाटलीवर मिलिलिटर छापलेले असतात, डब्यात मोजपात्रही मिळते, पण मोजपात्र घरी मुलांच्या भातुकलीत गेलेले असते आणि झाकण बाटलीला कायम असते. झाकणाचा आकार कंपनीगणिक बदलतो, ही गोष्ट व्यवहारात धरली जात नाही. शिवाय झाकण भरताना हात आखडता घेणे हे या प्रदेशाच्या पाहुणचाराच्या कल्पनेत बसत नाही. "इतक्याशानं का होते बाप्पा? टाका अजून एक झाकन," हा सल्ला येथे विनामूल्य मिळतो. पऱ्हाटी दणकट असल्याने तो बऱ्याचदा खपून जातो.

ऊतिसंवर्धनाला हा सल्ला अजिबात चालत नाही, आणि या विद्येचे वऱ्हाडातले खरे अवघडपण इथेच आहे. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पऱ्हाटीवर मारायच्या एनएएच्या द्रावणात ते ४.५ टक्के असते. झाकणात पाच मिलिलिटर मावले असे धरले तर एका झाकणात सुमारे सव्वादोनशे मिलिग्रॅम एनएए झाले. मुळे आणण्यासाठी माध्यमात ते लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे एका झाकणात २२५ लिटर माध्यम निघेल, आणि प्रत्येकी ४० मिलिलिटरच्या साडेपाच हजारांहून जास्त बाटल्या भरतील. एकट्या बाटलीच्या वाट्याला किती येते हे सांगितले तर ऐकणारा प्रयोगशाळा कंजूष आहे असे समजतो. म्हणून तिथे एकदम संजीवक टाकायची सोयच ठेवलेली नाही. १०० मिलिग्रॅम बीएपी तराजूवर तोलतात, ते पाण्यात सुखासुखी विरघळत नाही म्हणून आधी सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब देतात, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करतात, आणि या साठ्यातून लिटरमागे दोन-चार मिलिलिटर पिपेटने उचलतात. तोलताना छताचा पंखा बंद ठेवावा लागतो, कारण वाऱ्याने तराजू डुलतो. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यात पंखा बंद करून दहा मिनिटे शांतपणे उभा राहणारा माणूस विज्ञानावर निष्ठा ठेवून आहे असे मानायला हरकत नाही.

आता बाटलीत कोणाला घालावे हा प्रश्न. औषधी वनस्पती म्हटली की तुळस पुढे येते आणि तिच्यावरचे ऊतिसंवर्धनाचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. पेराचा तुकडा, थोडे बीएपी, आणि कोंब हजर. परंतु तुळशीच्या एका मंजिरीतले बी वृंदावनाभोवती पडले तरी पुढच्या पावसात मोजता येणार नाहीत इतकी रोपे उगवतात, आणि अंगणाची मालकीण ती वाटून वाटून थकते. गुळवेलीची गोष्ट अशीच. करोनाच्या काळात तिला अचानक भाव आला, तेव्हा तिचीही रोपे प्रयोगशाळेत करावीत असा विचार काहींनी मांडला. त्यावर "हे तं कुंपनावर फेकलं तरी लागते," हे उत्तर पुरेसे होते. गुळवेलीचा तोडलेला तुकडा झाडावर लटकत राहिला तरी तिथूनच मुळ्या सोडून खाली जमीन गाठतो. अशा वनस्पतीला संजीवक देणे म्हणजे काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडून त्याच कामासाठी सरकारी अनुदान मागणे होय. ब्राह्मी तर याहून पुढची: तिच्या पानाचा तुकडा साध्या माध्यमावर, संजीवकाचा थेंबही नसताना, कोंबांनी भरून जातो. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिला मोठी मागणी असते, कारण ती कोणालाच नापास करत नाही.

ज्यांना बाटलीची खरी गरज आहे त्यांत सफेद मुसळी अग्रभागी. मेळघाटातल्या कोरकूंच्या परिचयाची ही वनस्पती शास्त्राच्या दप्तरात मात्र सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या नावाने नोंदवली. डोंगरात ती केव्हापासून आहे, पण दप्तरात तिचा पत्ता पश्चिम रेल्वेचा आहे. मुसळीच्या गुणांविषयी जाहिराती पुरेशा मोकळेपणाने बोलतात, तेव्हा येथे अधिक लिहिण्याची गरज नाही. एक विरोधाभास मात्र नोंदवायला हवा. माणसाच्या वंशवृद्धीसाठी जिच्यावर एवढी भिस्त ठेवली जाते ती मुसळी स्वतःच्या वंशवृद्धीबाबत कमालीची उदासीन आहे. तिच्या बियांची उगवण फारच कमी. लागवड करायची ती मुळांच्या मांसल बोटांनी, आणि तेही बोटाच्या वरच्या टोकाला खोडाची चकती चिकटलेली असेल तरच. नुसते बोट जमिनीत कुजते. शेतकऱ्याची खरी अडचण अशी की बाजारात विकायचे तेही बोटच आणि बियाण्याला ठेवायचे तेही बोटच. या शतकाच्या सुरुवातीला विदर्भात मुसळीची लाट आली, तेव्हा बोटे विकून हातात पैसा आला तो मुख्यतः बियाणे विकणाऱ्यांच्या. मुसळी पिकवणाऱ्यांना परत खरेदीच्या आश्वासनाचा कागद मिळाला. ऊतिसंवर्धन ही कोंडी फोडते. चकतीतला कोंबाचा बुडखा घ्यायचा, लिटरला दोन ते पाच मिलिग्रॅम बीएपी द्यायचे, की बोटे जिथल्या तिथे राहून फुटवे मिळू लागतात.

दुसरी गरजवंत पानपिंपरी. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांच्या जोडीने ही वेल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पांगरा, शेवरी यांच्या आधाराने ती चढते, आणि तिची लागवड वेलीच्या तुकड्यांनी होते. तुकड्याबरोबर मर रोगही नव्या मळ्यात जातो, हे दुखणे आहे. कोवळ्या शेंड्यापासून बाटलीत रोगमुक्त रोपे करावीत हा उपाय कागदावर निर्दोष आहे. पण पिंपरीच्या कुळातल्या वनस्पतींच्या अंगातच जीवाणू मुक्कामाला असतात. बाहेरून तुकडा कितीही धुतला तरी आतली मंडळी हलत नाहीत. तीन आठवडे बाटली स्वच्छ दिसते, आणि एका सोमवारी बुडाशी दुधाळ वलय उमटते. हे पाहुणे आठवडाभर थांबून जाणारे नसल्याने बाटली फेकून द्यावी लागते. सर्पगंधा, कळलावी, शतावरी यांचीही या रांगेत नावे आहेत. त्यांची जिवंत ओळख करून घ्यायची तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाचे केंद्रही असल्याने मातीतली वनौषधी आणि बाटलीतली वनौषधी एकाच आवारात नांदू शकतात.

माध्यमाची कृती सोपी आहे: एमएसचे क्षार, लिटरला ३० ग्रॅम साखर, आठ ग्रॅम अगार, सामू ५.८. अगार म्हणजे घरातला चायना ग्रास, शेवाळापासून निघालेला. प्रयोगशाळेच्या दर्जाच्या सुक्रोजऐवजी किराणा दुकानातली साखर वापरून खर्च वाचवता येतो आणि वाचवलाही जातो. त्या खोलीत चहा का होत नाही याचे कारण साखर नसणे हे नसून नियम हे आहे. बाटल्या भरून त्या १२१ अंश तापमानाला, चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली, १५-२० मिनिटे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. इंडोल ॲसेटिक आम्ल या उष्णतेत काही अंशी नष्ट होते आणि उजेडातही टिकत नाही, जिबरेलिक आम्लालाही ताप सोसत नाही. म्हणून ती गाळणीतून निर्जंतुक करून नंतर मिसळतात. आयबीए (इंडोल ब्युटिरिक आम्ल) आणि एनएए ही ऑक्सिने त्या मानाने सोशिक.

तुकड्याचे निर्जंतुकीकरण हा मुख्य संस्कार. आधी वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, मग बाविस्टिन या बुरशीनाशकाच्या पाण्यात, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर, शेवटी ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटे, आणि त्यानंतर निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुणे. वेळ कमी पडली तर बुरशी जगते, जास्त झाली तर बुरशीसोबत मुसळीही मरते. दोन्ही वेळा बाटली निकामी होते. फक्त दुसऱ्या वेळी ती दिसायला स्वच्छ असते. स्वच्छतेच्या बाबतीत हा प्रदेश मागे असायचे कारण नाही. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे, आणि १ मे १९८३ रोजी सुरू झालेले अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते. तिथे जैवतंत्रज्ञान शिकवतात. परंतु बाबांचा खराटा या खोलीत आणायची परवानगी नाही. खराट्याने धूळ उडते, धुळीवर बसून बुरशीचे बीजाणू बाटलीत उतरतात, म्हणून जमीन ओल्या फडक्याने पुसायची. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिची बारीक पूड दाराच्या फटीतून, चपलांवरून, पाहुण्यांच्या धोतरावरून आत यायला पाहते.

पाहुणे हा स्वतंत्र विषय आहे. रोपे वाढवायच्या खोलीत २५ अंशांच्या आसपास तापमान आणि रोज १६ तास उजेड असतो. बाहेर पारा ४५ च्या पुढे गेला की या खोलीविषयी जिज्ञासा एकदम वाढते. अर्ज घेऊन आलेले, पत्ता चुकलेले, बिल मागायला आलेले, सगळ्यांना ऊतिसंवर्धन सविस्तर समजून घ्यायचे असते, आणि उत्तर मिळाल्यावर ते आणखी एक प्रश्न विचारतात. या काळात विचारलेल्या प्रश्नांची गुणवत्ता चांगली असते. वीज गेली की सगळे उठून जातात. बाटल्यांना उठता येत नाही, म्हणून जनरेटर लागतो, आणि त्याच्या डिझेलचा खर्च शेवटी मुसळीच्या रोपावर चढतो.

फुटवे यायला लागले की दर चार आठवड्यांनी ते सोडवून नव्या माध्यमावर लावतात. एकाचे तीन होतात असे धरले तर बारा फेऱ्यांत एका कोंबाचे ५,३१,४४१ कोंब होतात. हा आकडा प्रकल्प अहवालात पहिल्या पानावर असतो आणि बँकेचा साहेब तो पाहून चष्मा पुसतो. प्रत्यक्षात काही बाटल्यांना बुरशी लागते, काही कोंब वाढायचे नाकारतात, काम करणाऱ्या बाईंची मुलगी आजारी पडते. शिवाय फेऱ्या वाढत गेल्या की वाणात बिघाड दिसू लागतो. विशेषतः मधे कॅलसची पायरी असेल तर काही रोपे मूळ झाडाला ओळख दाखवत नाहीत. म्हणून शहाणे लोक थेट कोंबापासून फुटवे घेतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर नवी सुरुवात करतात. बाहेर विकायच्या टिश्यू रोपांची विषाणूमुक्तता आणि वाणाची शुद्धता तपासणारी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून चालवली आहे.

याच टप्प्यावर झाकणाची वृत्ती सर्वाधिक नुकसान करते. बीएपीने तीन कोंब आले तर दुप्पट बीएपीने सहा येतील, हा तर्क अंकगणितात बसतो. झाड अंकगणित शिकलेले नसते. मात्रा फार वाढली की कोंब गर्दी करतात पण उंची धरत नाहीत, आणि पाने काचेसारखी पारदर्शक, फुगीर, ठिसूळ होतात. अशा कोंबांना पुढे मुळे लागत नाहीत, कारण सायटोकायनिन मुळांना विरोध करते आणि ते कोंबाच्या अंगात मुरलेले असते. मग ते उतरवण्यासाठी एक-दोन फेऱ्या संजीवकाविना, कधी कोळशाची पूड घातलेल्या माध्यमावर काढाव्या लागतात. झाडाला हे उपवासाचे दिवस मानवतात.

प्रमाण जुळून आले तर बाटली काय करू शकते, याचा महाराष्ट्रातला नमुना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला. बांबू अनेक दशकांतून एकदा फुलतो. तेथे नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हास यांनी बीएपी आणि नारळपाणी असलेल्या माध्यमावर बांबूची बाळरोपे बाटलीतच फुलवली, आणि १९९० मध्ये 'नेचर' नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. मेळघाटातल्या बांबूने मात्र ही बातमी मनावर घेतलेली नाही.

मुळांसाठी कोंब वेगळे करून बीएपी बंद करतात आणि लिटरला एक-दोन मिलिग्रॅम आयबीए देतात. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळे दिसतात. काही प्रयोगशाळा ही फेरी वाचवण्यासाठी कोंबाचे बूड आयबीएच्या पुडीत बुडवून थेट कोकोपीटमध्ये लावतात, आणि ब्राह्मी-पुदिन्यासारख्या समंजस वनस्पतींत ते जमतेही.

यानंतरची पायरी सर्वांत जोखमीची: रोप बाटलीतून बाहेर काढून त्याला हवेची सवय लावणे. बाटलीत हवा ओलावलेली असते, साखर आयती मिळते, त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रे मिटायची कशी हे पानाला ठाऊक नसते. बाहेर काढताच ते पाणी सोडत राहते आणि दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून आधी अगार धुऊन काढतात (साखर राहिली तर मुंग्या आणि बुरशी दोघांची पंगत बसते), मग ट्रेमध्ये लावून प्लॅस्टिकने झाकतात, आणि झाकण रोज थोडे थोडे उघडत जातात. हे झाकण वऱ्हाडात एकमेव असे आहे की जे हळू उघडण्याचा सल्ला सगळे ऐकतात.

वेळापत्रक असे पडते की मुसळीची लागवड मृगाच्या पावसावर व्हायची. तेथून मागे मोजत गेले तर सवयीचा महिना-दीड महिना एप्रिल-मेमध्ये येतो, मुळांची फेरी मार्चमध्ये, आणि फुटव्यांच्या फेऱ्या दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे रोपाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ आणि वऱ्हाडचा सर्वांत कडक काळ एकत्र येतात. शेडनेट, फवारे, आणि हरितगृहाच्या एका भिंतीला ओल्या पॅडवरून हवा ओढणारे पंखे लावून तो काढावा लागतो. घरोघरी कूलरला लावल्या जाणाऱ्या वाळ्याच्या ताट्या हे याच यंत्रणेचे जुने रूप. वाळा स्वतः औषधी वनस्पती आहे, आणि त्याचे ठोंब फोडून लावले की तो कोणत्याही संजीवकाविना वाढतो. त्याच्या कामाची दखल अहवालात घेतली जात नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपे तळहाताएवढी होतात, तेव्हा त्यांना बाटलीतले काहीही लागत नाही. ट्रे मोजून ट्रॅक्टरमध्ये चढवले जातात. मृग कोरडा गेला तर ते उतरवून पुन्हा सावलीत ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ पाणी देतात. पाऊस आणणाऱ्या संजीवकाची चौकशी कृषी केंद्रात दर वर्षी होते, आणि दुकानदार ते संपले आहे असे सांगतो.